पाणी कोणत्या बाजूने आले आणि कुठे थांबले: गावातील पूर-वादळांच्या आठवणी नोंदवण्याविषयी

महाड तालुक्यातील सावित्रीकाठच्या एका गावाच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातील आणि मुंबईतील वृद्ध मंडळींकडून पुरांच्या व वादळांच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या आहेत. त्या कशा नोंदवाव्यात, त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा, आणि भावनिक मोलापलीकडे त्यांचा गावाला काही उपयोग आहे का? कोकणातील नद्यांचे पूर हा माझ्या कामाचा विषय राहिला आहे आणि त्या कामात मोजमापाच्या नोंदींबरोबरच गावकऱ्यांच्या तोंडची माहिती मी नेहमी वापरत आलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देतो.

उपयोग निश्चित आहे. आपल्याकडे पर्जन्यमापक तालुक्याच्या किंवा महसूल मंडळाच्या ठिकाणी असतात, तर पूर येतो एखाद्या ओहळाला, एखाद्या वाडीवर, एखाद्या घळीतून. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्याला केवळ 73 मिलिमीटर झाला. मुंबईसारख्या शहरात दोन केंद्रांमध्ये एवढा फरक पडत असेल, तर सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीवर त्या रात्री नेमके काय कोसळले हे दूरच्या मापकावरून कळणे शक्य नाही. तिथे जी माणसे त्या रात्री जागी होती, तीच त्या जागेची नोंद आहेत. मात्र ही नोंद वापरण्याजोगी व्हायची असेल, तर प्रत्येक आठवण एका जागेला, एका वेळेला आणि एका उंचीला बांधली गेली पाहिजे. “खूप मोठा पूर आला होता, सगळे वाहून गेले” हे वाक्य कितीही खरे असले तरी त्यावरून पुढच्या पावसाळ्यात कोणाला काही ठरवता येत नाही. “पाणी आधी मागच्या पऱ्याने गोठ्यात शिरले, नदीचे पाणी नंतर आले, दिवे लागणीच्या सुमारास ओटीची तिसरी पायरी बुडाली आणि देवळाकडची वाट शेवटपर्यंत मोकळी होती” या वाक्यावर मात्र अख्खा आराखडा उभा राहू शकतो.

म्हणून वृद्धांसमोर बसल्यावर पूर किती मोठा होता, असे विचारू नये. पाणी पहिल्यांदा कुठे दिसले, ते कोणत्या बाजूने आले, तेव्हा घरात काय चालले होते, गुरांची दावी कोणी आणि केव्हा सोडली, कोणत्या वाटेने बाहेर पडलात, रात्र कुठे काढलीत, आणि पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ कुठे होती, असे क्रमाने विचारावे. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, पण आपण केलेल्या कामांचा क्रम फार काळ लक्षात राहतो. शक्य असेल तर प्रश्न त्या घरात, त्या ओटीवर उभे राहून विचारावेत. मुंबईतील खोलीत बसून “छातीएवढे पाणी” सांगणारे आजोबा गावातील घरासमोर उभे राहिले की हात उंचावून खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवतात आणि मग जोत्यापासून ती उंची टेपने मोजता येते.

उंचीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. जुने घर पाडून नवे बांधताना जोते वाढवलेले असते, रस्त्यावर थरावर थर चढून तो दोन-तीन फूट उंच झालेला असतो, अंगणात भराव पडलेला असतो. त्यामुळे “1989 ला गुडघाभर आणि 2021 ला कमरेएवढे” या तुलनेचा तोपर्यंत काही अर्थ नसतो, जोपर्यंत दोन्ही खुणा एकाच स्थिर बिंदूपासून मोजल्या जात नाहीत. असा बिंदू गावात असतोच: देवळाचा दगडी चौथरा, जुन्या विहिरीचा कठडा, शाळेची पायरी. गवंडी पातळी काढण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. त्या नळीने एका दिवसात गावातील सर्व खुणा देवळाच्या चौथऱ्याशी जोडता येतात आणि त्यासाठी कोणत्याही महागड्या उपकरणाची गरज नाही. हे काम गावातील गवंड्यावर सोपवावे. त्याला कोणते जोते केव्हा उचलले गेले हेही ठाऊक असते, आणि ती माहिती कोणत्याही कागदावर सापडत नाही.

त्याचबरोबर दोन पुरांच्या मध्ये नदीच्या पात्रात आणि काठावर काय बदलले, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. कोकण रेल्वेचा मार्ग 1998 साली पूर्ण झाला. त्यानंतर मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले. अनेक ठिकाणी उंच भराव आले, मोऱ्या अरुंद झाल्या, पात्रात गाळ साचला आणि बेटे तयार झाली. 1989 च्या पाण्याची उंची आणि 2021 च्या पाण्याची उंची यांतील फरक पावसामुळे किती आणि या बदलांमुळे किती, हे ठरवण्याचे काम जलविज्ञानाचे आहे. पण “पूर्वी पाणी सहा तासांत उतरायचे, आता दीड दिवस तुंबून राहते” हे सांगणारा शेतकरी त्या अभ्यासाची सुरुवात करून देतो. माझ्या मते पाणी किती चढले यापेक्षा ते किती वेळ टिकले ही आठवण अधिक मोलाची असते, आणि ती विचारायला बहुतेक जण विसरतात.

पाणी चढण्याचा वेग त्याचे कारण सांगतो. डोंगरात पडलेल्या पावसाचा पूर काही तासांत चढतो, मध्ये एखादा थांबा घेतो, पुन्हा चढतो. बांध किंवा धरण फुटले की काही मिनिटांत भिंतीसारखे पाणी येते आणि तितक्याच झपाट्याने निघून जाते. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा खालच्या वाडीला सावरायला वेळच मिळाला नाही. खाडीच्या भरतीने अडवलेले पाणी मात्र एका पातळीवर येऊन थबकते आणि ओहोटी लागल्यावर हलू लागते. अचानक आलेल्या प्रत्येक पुरानंतर “वरचे धरण सोडले” अशी चर्चा गावोगाव होते. चिपळूणमध्ये 2021 च्या पुरानंतर कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर मोठा वाद झाला. अशा वादात नोंद घेणाऱ्याने बाजू घेऊ नये. कोणाला काय वाटले हे एका रकान्यात आणि कोणी काय डोळ्यांनी पाहिले हे दुसऱ्या रकान्यात लिहावे. तासागणिक पातळीच्या पाच-सहा स्वतंत्र आठवणी एकत्र आल्या की पुराचा चढ-उतार बराचसा स्पष्ट होतो.

आता काळाविषयी. वृद्ध मंडळी इंग्रजी तारीख क्वचितच सांगतात. तिथी, सण, नक्षत्र किंवा घरातील घटना सांगतात, आणि यामुळे निराश होण्याचे कारण नाही, कारण तिथी ही तारखेपेक्षा अधिक माहिती देते. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. 22 जुलै 2021 रोजी, ज्या दिवशी महाड आणि चिपळूण बुडाले, त्या दिवशी सकाळी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे किनाऱ्यावर सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास भरती, आणि पौर्णिमा जवळ असल्यामुळे ती उधाणाची. खाडीत आत ती आणखी उशिरा पोहोचते. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, पण आठवण तपासायला पुरेसा आहे. समजा एखाद्या आजींनी सांगितले की गोकुळाष्टमीला भर दुपारी बारा वाजता उधाणाने पाणी चढले. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे दुपारी बाराला ओहोटी असणार आणि अष्टमीला भांगाचे पाणी (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असते, उधाण नसते. तेव्हा एक तर दिवस दुसरा असेल किंवा ते पाणी भरतीचे नसून नदीचे असेल. असे आढळले की आजींना चूक दाखवू नये. त्या दिवशी उपवास होता का, दहीहंडी झाली होती का, असे आजूबाजूचे विचारत गेले की बहुधा दिवस सापडतो.

नक्षत्रांचीही अशीच मदत होते. जांभूळपाड्याला अंबा नदीने वेढले तो 24 जुलै 1989, दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या महाड तालुक्यातील गावांवर दरडी कोसळल्या तो 2005 च्या जुलैचा शेवटचा आठवडा, माळीण दरडीखाली गाडले गेले तो 30 जुलै 2014, आणि तळीये दरडीने उद्ध्वस्त झाले तो 22 जुलै 2021, हे सर्व दिवस पुष्य नक्षत्रात येतात, ज्याला आपल्याकडे म्हातारा पाऊस म्हणतात. जून आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातील पावसाने डोंगर आधीच पाणी पिऊन जड झालेला असतो आणि त्यावर दोन-तीन दिवसांची मोठी झड आली की माती सुटते, हे त्यामागचे कारण आहे. जुन्या माणसांनी “म्हाताऱ्या पावसात डोंगराखाली झोपू नये” असे काही आपल्या गावात सांगितले असेल, तर ते त्याच शब्दांत, सांगणाऱ्याच्या नावासह लिहून घ्यावे.

वर्ष ठरवण्यासाठी मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. मुंबईशी बांधलेल्या आपल्या गावांना हे विशेष सोपे जाते, कारण घरटी एक तरी माणूस गिरणीत किंवा गोदीत होता. गोदीतला स्फोट (14 एप्रिल 1944), कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), 1972 चा दुष्काळ, 1982 चा गिरणी संप, या घटनांच्या आधी की नंतर, असे विचारले की वर्षांची कक्षा झपाट्याने लहान होते. रामदास बोट 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे जाताना काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; रायगड जिल्ह्याच्या उत्तर भागात वयस्कर माणसे आजही त्याआधीचा आणि त्यानंतरचा पावसाळा असा हिशेब करतात, आणि तो दिवस आषाढी अमावास्येचा होता हेही सांगतात. स्त्रियांच्या आठवणींचा काळ बहुधा लग्नावरून आणि मुलांच्या जन्मावरून लागतो: सासरी आल्यानंतरचा दुसरा पावसाळा, थोरल्याला पाळण्यात घेऊन माळ्यावर चढले तो पूर. हा काळ फार विश्वासार्ह असतो. घरात पाणी कुठवर आले, बियाण्याचे भात वाचले की भिजले, चूल किती दिवसांनी पेटली, पिण्याचे पाणी कोठून आणले, हे स्त्रियाच सांगू शकतात. पुरुष त्या वेळी पुलावर किंवा मुंबईत असत. मंडळातील पुरुषांनी जाऊन केवळ पुरुषांनाच विचारले, तर निम्मा पूर नोंदवायचा राहील, आणि म्हणून मुलाखतीला मंडळातील महिलांनी जावे असा माझा आग्रह आहे. खालच्या आळीत, नदीलगतच्या वस्तीत आणि कातकरी वाडीवर आधी जावे. पाणी तिथे सर्वांत आधी येते आणि पंचनाम्यात तिथल्या घरांची नोंद सर्वांत तोकडी असते.

वादळांचे प्रकरण वेगळे आहे. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना नावे देण्याची पद्धत 2004 मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीची सर्व वादळे आठवणीत केवळ “ते मोठे वादळ” म्हणून राहतात आणि एकमेकांत मिसळतात. ती वेगळी करण्यासाठी महिना पाहावा. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वाऱ्यांच्या वरच्या आणि खालच्या थरांतील तफावतीमुळे ती सहसा बांधली जात नाहीत. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला बसलेला तडाखा, 11 नोव्हेंबर 2009 चे फयान, 3 जून 2020 चे निसर्ग आणि 17 मे 2021 रोजी किनाऱ्याजवळून उत्तरेला गेलेले तौक्ते, ही सारी याच चौकटीत बसतात. श्रावणात छप्पर उडाल्याची आठवण असेल, तर ते बहुधा मोसमी झंझावाताचे काम असते. भात पोटरीत होते, कापून पडले होते की पेरणीच व्हायची होती, एवढे विचारले तरी महिना कळतो.

दुसरा प्रश्न वाऱ्याच्या दिशेचा. चक्रीवादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. पश्चिम किनाऱ्यावर वादळ समुद्रातून जमिनीवर येताना केंद्राच्या दक्षिणेकडील गावांना वारा समुद्रावरून लागतो आणि पाणीही आत येते. उत्तरेकडील गावांना तो जमिनीकडून समुद्राकडे वाहताना जाणवतो. मध्येच काही काळ सगळे शांत होऊन नंतर वारा उलट बाजूने सुटला असेल, तर केंद्र गावावरूनच गेले. त्यामुळे माड आणि पोफळी कोणत्या दिशेला डोके करून पडल्या, कौले कोणाच्या अंगणात जाऊन पडली, या आठवणींवरून नाव नसलेल्या जुन्या वादळाचा मार्गही बराचसा सांगता येतो. निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या भुईसपाट झाल्या. ती झाडे उचलण्यापूर्वी काढलेली मोबाईलमधील छायाचित्रे आज अनेकांकडे आहेत, ती दिशेच्या नोंदीसह एकत्र करून ठेवावीत. खाडीकाठच्या गावांत खारबांधाला (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड कुठे पडली, उघाडी (बांधातील पाणी सोडण्याचे दार) टिकली की वाहून गेली आणि खारे पाणी शिरलेल्या शेतात किती वर्षे भात आले नाही, हेही विचारावे. अशा गावात वादळाचे खरे नुकसान त्या रात्रीनंतरच्या वर्षांत झालेले असते.

दरडींविषयी विचारताना मला नेहमी जड वाटते, पण ते प्रश्न टाळू नयेत. दरड कोसळण्याआधीच्या दिवसांत जमिनीला भेगा दिसल्या होत्या का, त्या कोणी पाहिल्या, झऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी गढूळ झाले होते का, नेहमीचा झरा बंद पडून दुसरीकडे पाणी फुटले होते का, झाडे किंवा विजेचे खांब कलले होते का, घराची दारे अचानक घट्ट बसू लागली होती का. या खुणा सर्वत्र दिसतातच असे नाही. पण ज्या डोंगराच्या बाबतीत एकदा दिसल्या, त्याच डोंगराच्या शेजारच्या वाडीला त्या माहीत असायला हव्यात. ज्यांच्या घरातील माणसे गेली आहेत, त्यांच्याकडे आपणहून जाऊन ध्वनिमुद्रणाचे यंत्र समोर ठेवू नये. ओळखीच्या माणसाने आधी विचारावे, बोलायचे नसल्यास तिथेच थांबावे, आणि बोलताना मध्येच कोणी गप्प झाले तर पुढचा प्रश्न विचारू नये. त्यांनी जे सांगितले ते कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हे त्यांनीच ठरवायचे आहे.

आपल्या मंडळाकडे एक ठेवा आहे, ज्याकडे आपले लक्ष गेले नसावे. पुरात गावातील कागद भिजून जातात. ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेची हजेरीपुस्तके, घरातील पत्रे सगळे जाते. मुंबईतील कागद मात्र कोरडे राहतात. मंडळाची इतिवृत्ते, पूरग्रस्तांसाठी काढलेल्या वर्गणीच्या वह्या, पावतीपुस्तके, कोणाकोणाला किती भांडी आणि किती धान्य पाठवले याच्या याद्या, परळ-लालबागच्या खोल्यांतील ट्रंकांत जपलेली गावाहून आलेली पत्रे, या सर्वांत पुराची तारीख, पडलेली घरे आणि मदत पोहोचायला लागलेला वेळ लिहिलेला असतो. मुलाखती घेण्याआधी हे कागद पाहावेत. पत्र हातात दिले की माणूस जे सांगू लागतो ते नुसत्या प्रश्नाने बाहेर येत नाही. 2005 च्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: गाव बुडत होते त्याच वेळी मुंबईतील गावकरीही पाण्यात अडकले होते, संपर्क तुटलेला होता, आणि त्यांच्या मनात दोन्ही पूर एकत्र झाले आहेत. त्यांच्याकडून प्रथम मुंबईतील अनुभव पूर्ण ऐकून घ्यावा आणि मग गावाची बातमी केव्हा, कोणाकडून, कोणत्या शब्दांत कळली हे विचारावे.

पडताळणीसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील आणि फोर्टमधील एशियाटिक सोसायटीतील जुनी वृत्तपत्रे, तसेच एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार उपयोगी पडेल. शोधताना ध्यानात असू द्या की 1981 पर्यंत आजचा रायगड जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. जुन्या कागदांत रायगड शोधाल तर हाती काही लागणार नाही.

शेवटी या सर्वातून काय तयार करावे? माझ्या मते प्रथम नकाशा हवा; पुस्तक छापायचे असेल तर ते नंतर छापता येईल. तलाठी कार्यालयातून गावाचा नकाशा घेऊन त्यावर प्रत्येक पुराची खूण, वर्ष आणि चौथऱ्यापासूनची उंची टाकावी. पाणी शिरण्याच्या वाटा एका रंगाने आणि शेवटपर्यंत मोकळ्या राहिलेल्या वाटा दुसऱ्या रंगाने दाखवाव्यात. जलसंपदा विभाग नद्यांसाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो; निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. आपल्या खुणा त्या रेषांच्या बाहेर पडत असतील, तर मोजमाप, मुलाखतीचा उतारा आणि छायाचित्र जोडून ग्रामपंचायतीच्या ठरावाने तहसील कार्यालयाकडे लेखी कळवावे. लहान ओहळांसाठी अशा रेषा बहुधा आखलेल्याच नसतात; तिथे आपला नकाशा हीच पहिली नोंद ठरेल.

कामासाठी मे महिना योग्य आहे, कारण चाकरमानी गावी असतात, वृद्धांना उसंत असते आणि पात्र कोरडे असल्यामुळे पुलांच्या मोऱ्या व गाळ मोजता येतो. नकाशा तयार झाल्यावर पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत तो भिंतीवर लावून सर्वांना दुरुस्त्या करू द्याव्यात. मुलाखतीत न बोललेली माणसे त्या दिवशी उठून बोट ठेवतात. त्याच्या प्रती ग्रामपंचायतीत, शाळेत आणि मुंबईत मंडळाच्या कार्यालयात ठेवाव्यात, आणि गावातील प्रत उंचावरच्या घरात असावी.